हाकेच्या अंतरावर

१

घर बघायला नेलं त्या दिवशी ह्यांनी मला घर सोडून बाकी सगळं दाखवलं. आधी विहीर, नव्या रहाटाची. मग वाण्याचं दुकान. मग मारुतीचं देऊळ, आणि मग दरबारनं नुकताच रोवलेला रॉकेलच्या दिव्याचा खांब. ह्यांचा थाट असा, की जणू खांब ह्यांनीच खणून उभा केलाय.

"अहो, पण घर कुठाय?" मी विचारलं.

"मागं वळ."

वळले तर खरंच समोर घर. कौलारू, तीन खणांचं, पुढं ऐसपैस ओटा. जव्हार गावाच्या कडेला ही नवी आळी वसत होती, तिच्यातलं हे शेवटचं. पुढं आळी आणि मागं सागाचं रान. हे संस्थानच्या जंगलखात्यात कारकून, म्हणून मिळालं. आधी आम्ही मोखाड्याला होतो. तिथं पाण्याला जायचं म्हणजे अर्धी सकाळ जायची. ह्यांना कामासाठी सूर्यमाळला जावं लागे; आले की सांगत, तिकडं बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात, तू उगाच रडतेस. मी रडत होते ते पाण्यासाठी नव्हतंच, ते ह्यांनाही ठाऊक होतं.

मोखाड्याला माझी दोन मुलं गेली. दोन्ही जन्मताच. सुईण पलीकडच्या पाड्यावर राहायची, आणि दोन्ही वेळा ती आली तेव्हा तिच्यासाठी तापवलेलं पाणी गार झालेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा महिना लागला होता. म्हणून ह्यांनी साहेबांच्या हातापाया पडून जव्हारला बदली करून घेतली.

"आता शेवटची सोय," हे म्हणाले आणि मला ओट्यावर उभं केलं. "हाक मार. रखमीमावशी म्हणून."

"भर रस्त्यात? लोक काय म्हणतील?"

"मार गं."

मारली. समोरच्या घरामागच्या परसातून लांबवलेला ठसठशीत आवाज आला, "आले गं!" आणि मी ह्यांच्याकडं बघून हसतेय तोवर एक म्हातारी लुगड्याला हात पुसत ओट्यापाशी हजर. मिश्रीनं काळे झालेले दात, भक्कम मनगटं. निम्मं जव्हार तिच्या हातावर जन्मलेलं. मला सांगायला लाज नाही, त्या दिवशी मी तिच्या गळ्यात पडून रडले.

२

तेव्हापासून आमचा तो खेळच झाला. दुपारची भांडी आवरली की मी ओट्यावर येऊन हाक मारायची, मावशी "आले गं!" म्हणून ओ द्यायची आणि यायची. मग आम्ही बसायचो. ती माझं पोट चाचपायची, मी तिला गूळपाणी द्यायची. "रोज रोज कशाला बोलावतेस गं?" ती कुरकुरायची. मी म्हणायची, "सवय राहू दे मावशी, ऐनवेळी पायांना वळण हवं."

एकच अडचण होती. धुणं. विहिरीवरच्या दगडावर सदा गर्दी, आणि मला वाकवेना. ह्यांना बोलून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी हे घामाघूम होऊन मागच्या दारी उभे.

"ये, बघ."

मागच्या दाराला लागून एक छान सपाट, लांबट दगड आडवा टाकलेला. रानाच्या कडेला, गवतात कलता उभा होता म्हणे. पहारीनं उपटून एकट्यानं लोळवत आणला. मी त्यावर पहिलं लुगडं आपटलं आणि म्हटलं, "एवढी एकच सोय राहिली होती."

रामी आमच्याकडं कामाला यायची, पाड्यावरून. तिच्यासारखी तोंडाळ बाई मी पाहिली नाही. ह्यांनाही 'तू' म्हणायची, खुद्द राजेसाहेब आले असते तर त्यांनाही म्हणाली असती. ती मागच्या दारानं आत यायची ती त्या दिवशी दगड पाहून थबकली. खाली बसली, दगडाच्या पोटाखाली बोटं घातली. बोटं बाहेर काढली तर शेंदरानं माखलेली.

"ह्यो उभा होता ना?"

"होता. आता आडवा केला. धुण्याला."

"कोनी?"

"ह्यांनी. का गं?"

तिनं बोटं गवताला पुसली. सगळ्या घराला वळसा घालून पुढच्या दारानं आली. पुढंही तसंच करत राहिली. हे म्हणाले, "असे शेंदराचे दगड या मुलखात पैशाला पासरी. एक कमी झाला तर काय बिघडतंय?"

३

काय बिघडलं ते मला धड सांगता येत नाही. मी पहिल्यांदा विस्तवावर शंका घेतली.

रोज सकाळी मी मावशीच्या चुलीतला निखारा गोवरीच्या तुकड्यावर घेऊन घरी यायची. काडेपेटी होती, पण समोर फुललेली चूल असताना काडी कशाला जाळा? मावशीच्या परसातून निघून दारात आले की निखारा तसाच लाल असायचा. एक दिवस चुलीशी येऊन बघते तर काळा पडलेला. म्हटलं, मेला कच्चाच असेल. दुसऱ्या दिवशी चांगला फुंकून घेतला. ओटा चढले तेव्हा गोवरीवर नुसती राख होती, आणि ती गोवरीही पार जळून माझ्या बोटांना चटका बसला.

मी वाटेत कुठं थांबले होते? कुणाशी बोलत? आठवून आठवून डोकं फिरायची वेळ आली. वाटेत काही नव्हतंच थांबण्यासारखं. मावशीचं परस, मग रस्ता, मग खांब, मग आमचा ओटा. बस्स.

मग दूध. वाण्याकडून आणलेलं दूध तापवायला ठेवलं की फाटायचं. मग पाणी. हंडा गळ्यापर्यंत भरून निघावं आणि घरी यावं तो अर्धा. माझं लुगडं मात्र कोरडं. सांडलं असतं तर भिजले नसते?

"पोट जड झालं की बाईमाणसाला उंबरठासुद्धा डोंगर वाटतो," हे म्हणाले.

"मला वाटलं म्हणून दूध फाटेल का?"

"वाणी पाणी घालत असेल."

"पाण्यानं दूध फाटतं? तुम्ही जंगलातच बरे!"

हे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला ह्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं होतं. एवढ्या सोयीचं घर, एवढी मिनतवारी करून मिळवलेलं. त्यात खोट काढायची म्हणजे माझंच नशीब खोटं म्हणण्यासारखं.

पण दुपारची हाक मारली की मला कळायचं. मावशीची ओ यायची तीच, ठसठशीत, पण जरा खोल गेलेली, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखी. आणि ओ आल्यावर मी वाट बघत बसायची. गुळाच्या पाण्यात माश्या पडायच्या. मावशी यायची ती धापा टाकत. ओट्यावर बसून गुडघे दाबायची आणि मागं वळून स्वतःच्या घराकडं बघायची.

"म्हातारी झाले गं," म्हणायची. पण तिच्या तोंडावरून तिलाच ते पटलेलं दिसत नसे.

४

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, पाड्यावरची माणसं आली. नारळ, कोंबडं, शेंदूर घेऊन. आमच्या घराला वळसा घालून मागं रानाच्या कडेला गेली. दगड उपटला होता तिथला खड्डा त्यांनी पाहिला. कुणी आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं भांडायला येतील. मी पदर खोचून तयारच होते. पण ती माणसं खड्ड्याशी नुसती उभी राहिली, मग तशीच मुकाट पुढं आली, आणि आमच्या ओट्यासमोर, दिव्याच्या खांबापाशी खणायला लागली.

हे बाहेर धावले. "अरे, इथं काय करताय?"

एका म्हाताऱ्यानं वर न बघता सांगितलं, "वाघोबा बसवतू."

"रस्त्यात?"

"शीव आता हितं हाय."

त्यांनी नवा दगड उभा केला. त्यावर ओबडधोबड वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. वाघाचं तोंड आमच्या घराकडं. शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि सगळ्यांना खोबऱ्याचा तुकडा वाटला. आळीतल्या लोकांनाही दिला. मी ओट्यावरून हात पुढं केला, तर वाटणारी पोशी नावाची बाई माझ्या हाताकडं बघत राहिली, मग दगडाच्या पलीकडूनच तिनं तुकडा माझ्याकडं फेकला. तो ओट्यापर्यंत पोचला नाही.

मला संताप आला. भिकारी आहे का मी? पण रात्रभर मला तो तुकडाच आठवत राहिला. चांगला जोरानं फेकला होता तिनं. लहान मुलानं फेकला असता तरी पोचला असता.

५

त्यानंतर रामीला यायला उशीर व्हायला लागला. सकाळची रामी ऊन कलल्यावर उगवायची. मी तोंड सोडलं की तीही सोडायची.

"मी काय बसून रेली? चालतंय, चालतंय, तुजा घर गवसत नाय. बाय, तुजा घर कठं ठेवलास तू?"

"कुठं ठेवलं म्हणजे? जिथं होतं तिथंच आहे!"

"नाय." मग जरा वेळानं, हळूच, "तू शिवंच्या आत चाल ना. आमच्या खोपीत ऱ्हा, पोर होवस्तवर."

मी ऐकून घेतलं नाही. कारवीच्या कुडाच्या झोपडीत बाळंत व्हायला मी इथवर आले नव्हते. "समोर सुईण असताना?" मी म्हटलं.

तिनं समोर पाहिलं. मीही पाहिलं. मावशीचं घर दिसत होतं. चुलीचा धूरही दिसत होता. पण ऊन असूनही तो निळसर दिसत होता, लांबच्या डोंगरावरचा वणवा दिसतो तसा.

त्या आठवड्यात हे एका संध्याकाळी कचेरीतून आले आणि ओट्यावर बसले. वहाणा काढल्या. नव्या कोऱ्या, दिवाळीत घेतलेल्या. त्यांचे तळ झिजून पार आरपार गेले होते. मी पाहिलं, हे माझ्याकडं पाहत नव्हते.

"अहो."

"उद्या सामान बांधू," हे म्हणाले. "मावशीकडं जाऊन राहू. बाळंत होईपर्यंत."

मी वहाणा उचलून आत ठेवल्या. इतके दिवस मला वेड लागतंय असं वाटत होतं. ह्यांनाही लागलंय म्हटल्यावर जीव थोडा निवला, आणि मग जास्तच घाबरला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी पेटाऱ्यात भरत असतानाच कळ आली. दिवस भरायला अजून अवकाश होता. मी मधल्या खोलीत चटईवर आडवी झाले. पुढचं दार उघडं, मागचंही उघडं.

"मी आणतो. हा गेलो आणि आलो," हे म्हणाले आणि पळाले.

मला पडल्या पडल्या पुढच्या दारातून रस्ता दिसत होता. ह्यांचा पांढरा सदरा दिसत होता. एक कळ आली, मी डोळे मिटले, उघडले. हे पळतच होते. आणखी एक कळ. अजून पळतच होते, पार कावळ्याएवढे झालेले, आणि खांब त्यांच्या अजून पुढंच होता.

"मावशी!" मी जीव खाऊन ओरडले. "रखमीमावशी!"

ओ आली. इतकी लांबून, की आधी वाटलं कानच वाजले. "आले गं…"

पोचणार नाही, मला कळलं. ही पण पोचणार नाही. हेही पोर माझं जाणार. मी रडायला लागले, आणि पुन्हा ओरडले, "मावशी!"

"आले गं!"

मागच्या दारातून. अगदी जवळून. ठसठशीत.

देवा, किती बरं वाटलं मला! मागच्या बाजूनं आली, आडवाटेनं आली, म्हणून लवकर आली, असंच मनात आलं. दगडावर पाणी ओतल्याचा आवाज झाला. हात धुतल्याचा. मग कुणीतरी वाकून आत आलं आणि माझ्या पायांशी उकिडवं बसलं. मागच्या दाराचं ऊन तिच्या पाठीशी होतं, त्यामुळं मला नुसता आकार दिसला. हात पोटावर आले. गार हात, पावसाळ्यातल्या मातीचा वास येणारे. पण जाणते. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, सगळं येत होतं त्या हातांना.

"मावशी, नीट आहे ना हो?"

"आले गं!"

"डोकं दिसतंय का?"

"आले गं!"

तोच हेल. तोच शेवटचा लांबवलेला 'गं'. रस्त्यापलीकडून द्यावी तशी मोठ्यानं दिलेली ओ, आणि तोंड तर माझ्या गुडघ्यापाशी. मी रोज दुपारी हाक मारत होते आणि रोज मावशीची ओ, हे एवढेच दोन शब्द, रानाच्या कडेपर्यंत जात होते, हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचायला शुद्ध कुठं होती? तेव्हा मी तिचे हात गच्च धरले होते.

पोर बाहेर आलं. रडलं नाही.

ती शांतता मी ओळखते. दोनदा ऐकली आहे. मी कान बंद करून घेतले. बोटांच्या फटीतून पाहिलं, तर त्या आकारानं पोर उचललं, आपल्या तोंडाशी नेलं, आणि बराच वेळ तसंच धरलं. मग पोर रडलं. असं रडलं, की कौलं हलतील.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. "आले गं, आले, दम धर पोरी, आले!" धाप लागलेला, रडवेला, माणसाचा आवाज. माझ्या पायांशी बसलेलीनं मान तिकडं वळवली. पोर माझ्या पोटावर ठेवलं. मग ती उठली नाही. बसल्या बसल्याच, उकिडवी, मागं मागं सरकत दाराबाहेर गेली. उंबऱ्यावरूनही तशीच.

रखमीमावशी आणि हे आत आले तेव्हा बाहेर खांबावरचा दिवा लागला होता. ह्यांच्या पायांतून रक्त येत होतं. मावशीनं पोराची नाळ पाहिली. कसल्याशा ओल्या वेलीनं घट्ट बांधलेली.

"कुणाला बोलावलंस गं?" तिनं विचारलं.

"तुम्हालाच," मी म्हटलं.

७

त्याच संध्याकाळी मला आणि मुलीला खाटेवर घालून मावशीकडं आणलं. वाट कशी ती कळलीच नाही. खाट उचलली आणि टेकवली, एवढंच. मला हसू आलं आणि ते थांबेना, तेव्हा मावशीनं माझं तोंड दाबून धरलं.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन जुना दगड पहारीनं उभा केला, होता तिथं, रानाच्या कडेला. शेंदूर लावला, नारळ फोडला, नाक घासलं. आता दोन्ही दगड उभे आहेत आणि ते रिकामं घर त्यांच्या मधे आहे. मी रामीला विचारलं, आता घर शिवेच्या आत की बाहेर? ती बराच वेळ विचार करत बसली. "माना नाय सांगता येत," म्हणाली. तिनं खरंच विचार केला होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मुलगी गुटगुटीत आहे. पाचवी झाली, बारसं झालं. नाव कमू ठेवलं. मावशीला साडीचोळी करायला गेले तर ती हात मागं घेऊन बसली. "मी काय केलं? ज्या बाईनं केलं तिला दे," म्हणाली, आणि मग आपलंच बोलणं ऐकून चुलीकडं वळली.

कमू रडकी आहे. माझ्या कडेवर थांबत नाही, ह्यांच्या नाही, मावशीच्या तर नाहीच नाही. पहिल्यांदा ती अशी हट्टानं रडली त्या दुपारी समोरच्या रिकाम्या घराच्या मागून ओ आली. "आले गं!" बारीक, लांबून. मी मावशीकडं पाहिलं. मावशी चुलीशी होती, तिचे ओठ मिटलेले होते.

मग रोजच. कधी त्या घराच्या ओट्यावरून. कधी खांबाच्या पलीकडून. आम्ही कमूला रडू देत नाही. मी पदर तिच्या तोंडात कोंबते आणि मलाच रडू फुटतं. पोरगी एवढी जगली, आणि तिचं रडं मी ऐकून घेऊ नये? हे मोखाड्याला परत बदली मागायला गेले आहेत. साहेब विचारत असतील, एवढ्या सोयीचं घर मिळालं तरी तुमची तक्रार काय? काय सांगतील हे?

कधीकधी मला वाटतं, जाऊन मागच्या दारी तो दगड होता तिथं हात जोडावेत. मोखाड्याच्या सुइणीला दोनदा जमलं नाही ते तिनं केलं. ती वेळेवर आली. माझ्या हाकेला एवढ्या वेळेवर कधीच कुणी आलं नव्हतं.

आज दुपारी माझा डोळा लागला आणि कमू रडली. ओ आली ती खांबाच्या अलीकडून, वाघाचा दगड ओलांडून आमच्या बाजूनं. मी धडपडत उठले, दाराला कडी घातली, कमूला उचलून उराशी धरलं.

ती रडायची थांबली होती. माझ्या खांद्यावरून मान वर काढून, इतकुशी ती, दाराकडं बघत होती, आणि हसत होती.